स्टोव्ह भडकला म्हणजे नेमके काय झाले?

आमच्या केंद्रात नव्या कार्यकर्त्यांसाठी जुने निकाल वाचण्याचा एक परिपाठ आहे. महिन्यातून एकदा बसायचे, एक निकाल घ्यायचा आणि चर्चा करायची. मागच्या पावसाळ्यात सुधा गोयल खटल्याची पाळी होती. १९८० साली दिल्लीत ही गरोदर मुलगी सासरी जळून मेली. घरच्यांचे म्हणणे, रॉकेलच्या स्टोव्हने अपघात झाला. खालच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने सगळ्यांना सोडले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने नवरा व सासू यांना जन्मठेप दिली. आमच्या पिढीच्या बायांना हा खटला तोंडपाठ आहे. त्या सोडून दिल्याच्या निकालाविरुद्ध देशभर बाया रस्त्यावर आल्या होत्या.

वाचन चालू असताना एका तेवीस वर्षांच्या वकील मुलीने मध्येच विचारले, "ताई, स्टोव्ह भडकतो म्हणजे त्यातलं नक्की काय भडकतं?"

तिने पंपाचा स्टोव्ह कधी पाहिलेलाच नाही. तिचा जन्म गॅसच्या घरातला. आम्ही जुन्या तिघी-चौघी हसलो, आणि मग उत्तर द्यायला गेलो. एक म्हणाली, टाकी फुटते, बॉम्बसारखी. दुसरी म्हणाली, पंप जास्त मारला की होते तसे. मी हातवारे करकरून सांगितले की आत हवेचा दाब असतो आणि तो बाहेर येतो. मुलीने विचारले, "मग टाकीत हवा असते की रॉकेल? आणि ज्वाळा टाकीत का जात नाही?" मी गप्प बसले. अकरा वर्षे मी त्या स्टोव्हवर भाकऱ्या थापल्या आहेत. पोलीस चौकीबाहेर "स्टोव्ह फक्त सुनांवरच का भडकतो?" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले आहे. पण तो चालतो कसा, हे मला सांगता येईना.

नंतर कळले की ही फजिती माझ्या एकटीची नव्हे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील रोझेनब्लिट आणि काइल या दोघांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना विचारले, झिप, कुलूप, संडासाची फ्लशची टाकी, शिलाई मशीन या गोष्टी कशा चालतात ते तुम्हाला किती समजते, गुण द्या. लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग म्हटले, आता एकेक पायरी लिहून काढा. लिहायला बसल्यावर लोकांचे गुण घसरले. रोज हाताळतो म्हणजे समजते, असे आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात आपल्या मनात त्या यंत्राचे एक ओबडधोबड चित्र असते आणि त्या चित्रावर आपले काम भागत असते.

हे चित्र चुकीचे असले तरी पुष्कळदा भागते. आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावरून खाली जायचे असते आणि लिफ्ट तळाला असते, तेव्हा शेजारचे निवृत्त अधिकारी वरच्या बाणाचे बटण दाबतात. लिफ्टला वर बोलावायचे आहे ना! त्यांच्या चित्रात बटण म्हणजे लिफ्टला दिलेली हाक आहे. खरे तर आपल्याला कुठे जायचे ते सांगण्यासाठी ते असते. साधा एसी सोळावर ठेवला की खोली लवकर गार होते, असे मानणारे तर घरोघरी आहेत. त्यांच्या मनात तो आकडा म्हणजे नळाची तोटी, जास्त फिरवली की जास्त धार. वास्तविक साध्या एसीचे यंत्र चालू असते तेव्हा एकाच जोराने चालते. आकडा फक्त कुठे थांबायचे ते सांगतो. विलेट केम्प्टन नावाच्या संशोधकाने १९८६ साली अमेरिकेतल्या मिशिगन भागातील घरांमध्ये खोली गरम ठेवण्याच्या यंत्राबद्दल हेच पाहिले. तोटीचे चित्र मनात असणारी माणसे तिथे भरपूर निघाली. मला आवडले ते हे की त्याने या लोकांना मूर्ख ठरवले नाही. त्यांचे चित्र शास्त्राशी जुळत नसले तरी घरातल्या रोजच्या कामाला ते बऱ्यापैकी उपयोगी पडते, असे तो म्हणतो.

म्हणजे यंत्राबद्दल चुकीची कल्पना असणे ही सर्वसाधारण माणसाची अवस्था आहे. बाईची खास नव्हे. मग "तुला मशीनमधलं काय कळतं" हे वाक्य फक्त आपल्याच वाट्याला का येते? त्या निवृत्त अधिकाऱ्यांना आजवर कोणी असे म्हटलेले नाही.

पण मला आज घरातल्या टोमण्यांबद्दल लिहायचे नाही. यंत्राचे हे मनातले चित्र कागदावर उतरते आणि त्यावर एखाद्या बाईच्या मरणाचा निकाल लागतो, तेव्हा काय होते त्याबद्दल लिहायचे आहे.

त्या बैठकीनंतर मी माळ्यावरचा पितळी स्टोव्ह काढला आणि तो चालू करून देणारा माणूस शोधत फिरले. पेठेत पूर्वी चार-पाच स्टोव्ह दुरुस्तीवाले होते. आता एक काका सापडले, ते गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करतात. स्टोव्ह पाहून त्यांचे डोळे चमकले. दुकानापुढच्या पायरीवर बसून त्यांनी तो सुटा केला आणि आम्हाला शिकवला. ते असे.

खाली टाकी. ती पूर्ण भरायची नाही, वर हवेला जागा ठेवायची. पंपाने हवा आत कोंबली की ती रॉकेलला दाबते आणि रॉकेल मधल्या नळीतून वर बर्नरकडे चढते. बर्नर आधी तापलेला हवा. म्हणून सुरुवातीला स्पिरिट किंवा रॉकेलात भिजवलेला काकडा लावून तो तापवायचा. तापलेल्या बर्नरमध्ये शिरले की रॉकेलची वाफ होते, ती निपलच्या बारीक भोकातून जोराने बाहेर येते आणि निळी जळते. जाळ मोठा करायचा तर पंप मारायचा, कमी करायचा किंवा बंद करायचा तर चावी सैल करून हवा सोडायची. निपल बुजले की पिन मारायची. बस्स, एवढेच.

"मग भडकतो कधी?" मुलीने विचारले.

काका म्हणाले, "बर्नर पुरता तापला नाही आणि घाईनं पंप मारला, तर वाफेऐवजी कच्चं रॉकेलच वर येतं. ते पिवळं भसाभसा पेटतं, हातभर ज्वाळा जाते. पण ज्याच्या हातात चावी आहे त्यानं हवा सोडली की ती बसते." आणखीही प्रकार त्यांनी सांगितले. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे. विझलेला स्टोव्ह गरम असतानाच परत काडी लावणे. रॉकेलात पेट्रोलची भेसळ. टाकीचा जोड सुटून गळणे. टाकी फुटणे? "ताई, माझ्याकडे दुरुस्तीला यायचे ते वायसर गेलेले, निपल बुजलेले, जोड सुटलेले. फुटून चिंध्या झालेली टाकी मी तरी नाही पाहिली. जोड आधी सुटतो ना, हवा फुस्स करून निघून जाते."

मग त्यांनी कोपऱ्यातला वातीचा स्टोव्ह उचलून दाखवला. त्यात पंप नाही, दाब नाही. वाती रॉकेल शोषतात आणि टोकाला जळतात. तो उलटू शकतो, पेट घेऊ शकतो, त्यानेही माणूस भाजू शकतो. पण ज्यात दाबच नाही तो दाबाने फुटणार कसा?

मी पायरीवर बसल्या बसल्या जुने पंचनामे आठवत होते. १९८३ पासून दहा-बारा वर्षांत मी किती तरी पाहिले. "मयत ही स्टोव्हवर चहा करीत असता स्टोव्हचा भडका उडून..." हे वाक्य इतके ठरीव होते की लिहिणाऱ्याचा हात आपोआप चालत असावा. स्टोव्ह पंपाचा की वातीचा, याचा उल्लेख मी क्वचितच वाचला. चावी सैल होती की आवळलेली? टाकीत रॉकेल किती उरले होते? निपल जागेवर होते का? स्टोव्हवर भांडे होते का, आणि त्यातला चहा कुठे सांडला? रॉकेलचा डबा स्वयंपाकघरात होता की दाराजवळ, आणि झाकण लावलेले होते का? एका पंचनाम्यात तर स्टोव्ह फळीवर पालथा ठेवलेला होता, स्वच्छ घासलेला. त्यातही भडका उडालाच होता.

हे प्रश्न कोणी विचारले नाहीत याचे कारण सगळे पोलीस विकले गेलेले होते असे नाही. काही होते, पण सगळे नव्हते. कारण हे की हवालदार, पंच, शेजारी, डॉक्टर आणि आम्हीसुद्धा, सगळ्यांच्या मनात स्टोव्हचे तेच एक धूसर चित्र होते. स्टोव्ह म्हणजे एक पितळी जनावर. ते कधी तरी उगाचच चवताळते. जनावर चवताळले तर त्याला कारण विचारायचे नसते. या धूसर चित्राचा फायदा ज्यांना घ्यायचा होता त्यांनी घेतला. यंत्र कळत नव्हते म्हणून खून झाला असे मी म्हणत नाही. खून करणाऱ्याला सबब आयती मिळाली, एवढेच म्हणते. आणि सबबीला दुसरे टोकही होते. भडका उडाला, कारण "तिला स्टोव्ह नीट वापरता येत नव्हता, माहेरी गॅस होता." म्हणजे मेली ती मेली, वर अडाणीही ठरली.

रॉकेल अंगावर ओतले गेले तर डोक्याच्या केसांना त्याचा वास येतो, केस आणि कपडे तपासणीला पाठवता येतात, पुढून पदर पेटणे आणि डोक्यापासून पायापर्यंत जळणे यांत फरक असतो. हे न्यायवैद्यकात तेव्हाही माहीत होते. कायदाही बदलला. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८अ आले, लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद रीतीने मेलेल्या स्त्रीचे शवविच्छेदन करून घेण्याची तरतूद झाली आणि १९८६ साली ३०४ब आले. १ जुलै २०२४ पासून हीच कलमे नव्या संहितेत ८५, ८६ आणि ८० या आकड्यांनी आहेत. पण कायद्याने तपास करायला सांगितला तरी तपासणाऱ्याच्या मनातले चित्र कायदा बदलत नाही. २०२२ साली देशात हुंडाबळीचे सुमारे साडेसहा हजार गुन्हे नोंदले गेले. त्यातले सगळे जळण्याचे नव्हेत, आणि स्टोव्ह तर शहरी घरांतून जवळजवळ गेलाच. मरणे मात्र गेलेली नाहीत.

इथे आमच्याही पदरात थोडे माप घालायला हवे. त्या काळी आमच्यातल्या काही जणी जळालेली प्रत्येक बाई जाळलेलीच, असे धरून चालत. मीही त्यात होते. पण वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, जमिनीवर स्टोव्ह, अंगात नायलॉनची साडी, पाठीशी रांगते मूल आणि भेसळीचे रॉकेल, अशा ठिकाणी खरे अपघात होत होते. ते आम्हाला आमच्या घोषणेत बसवता येईनात, म्हणून आम्ही त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. अपघात म्हटले की जणू पोलिसांचे म्हणणे मान्य केल्यासारखे वाटे. वास्तविक जमिनीवर बसून, पदर सावरत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाती असले यंत्र का दिले जाते, हासुद्धा आपलाच प्रश्न होता. आणि ज्या बाया शंभर टक्के भाजूनही जबाबात "स्टोव्ह भडकला" एवढेच म्हणत, त्यांचे काय? खाटेच्या पायथ्याशी सासू उभी, बाहेर दोन मुले. तिला स्टोव्ह कसा चालतो ते पुरते ठाऊक होते. ऐकणाऱ्यांना ठाऊक नाही, हेही तिला ठाऊक होते.

बायांना यंत्र कळत नाही हे म्हणणे तर मला मुळातच पटत नाही. आमच्या केंद्रात शिवणकाम करणारी बाई मशीनच्या आवाजावरून सांगते की बॉबिनचा दोरा सैल आहे की वरचा ताण जास्त आहे. सिलेंडरवर ओले फडके फिरवून कुठवर ओल टिकते ते पाहून आत गॅस किती उरला हे सांगणारी बाई उष्णतेचे शास्त्रच वापरत असते. आतला पातळ गॅस पत्रा थंड ठेवतो, रिकामा भाग लवकर वाळतो. पण याला कोणी ज्ञान म्हणत नाही, "बायकांच्या युक्त्या" म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्याच्या कामातून गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाना-पक्कड घेऊन गावात गेल्या की लोक आधी हसत. हा इंडिया मार्क टू पंप, ज्याचे मूळ आपल्या सोलापुरात तयार झालेल्या पंपात आहे, पाणी ओढायला बायाच वापरत होत्या. उघडायची मात्र त्यांना मुभा नव्हती. पंप उघडल्यावर त्या पंचायतीत नुसते "पंप बिघडला" म्हणत नव्हत्या. कोणता भाग झिजला ते सांगत होत्या. मग पैसे खाऊन "दुरुस्त होत नाही" म्हणणाऱ्याची पंचाईत झाली.

आता स्टोव्हच्या जागी काय आले आहे ते सांगते.

गेल्या हिवाळ्यात एक तरुण बाई केंद्रात आली. लग्नाला आठ महिने. दोनदा आंघोळ करताना बेशुद्ध पडली, एकदा हातपाय ताठ झाले. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. म्हणणे असे, की फिटचा आजार लपवून लग्न लावले, फसवणूक झाली, आता घटस्फोट द्या. तिची आई देवऋष्याकडे जाऊन आली होती. डॉक्टरने अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या होत्या. ती स्वतः म्हणे, माहेरी मला कधीच काही झाले नाही हो. कोण ऐकतो!

ती वकील मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारले, "बाथरूममध्ये गिझर कसला आहे?" गॅसचा होता. आतच बसवलेला. खिडकीला थंडी येते म्हणून पुठ्ठा लावलेला. आणि शेवटी आंघोळीला जाणारी ही, म्हणजे सगळ्या घराची आंघोळ होईपर्यंत गिझर जळून जळून त्या कोंदट खोलीतला प्राणवायू कमी झालेला. अशा वेळी गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. डोके दुखते, गरगरते, माणूस पडतो, कधी झटके येतात, कधी उठत नाही. सिलेंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, म्हणून आपल्या सगळ्यांच्या मनात पक्के बसले आहे की वास नाही म्हणजे धोका नाही. सासूबाईंनी नाक लावून पाहिले होते. त्या खोटे बोलत नव्हत्या.

आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे तिला नेले, त्यांनी पहिला प्रश्न गिझरचाच विचारला. तपासणीत फिटचा आजार निघाला नाही. तसा तो निघाला असता तरी त्या कारणाने लग्न रद्द होण्याची वाट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकली आहे, पण हे सासरच्या वकिलाला सांगावे लागले. नवऱ्याला बोलावले. तो इंजिनियर. सुरुवातीला म्हणाला, "मला गिझर शिकवू नका, मीच बसवून घेतलाय." मुलीने त्याला कागद दिला आणि म्हटले, "दादा, आत काय जळतं, त्याला हवा कुठून मिळते आणि जळलेली हवा जाते कुठे, एवढं फक्त काढून दाखवा." त्याने छान चित्र काढले. पाण्याचा नळ, सिलेंडर, बर्नर, सगळे. खिडकी काढायला गेला आणि थांबला.

गिझर आता बाहेरच्या गॅलरीत बसवला आहे. ती परत गेली की नाही हे विचाराल, तर अजून नाही. तिचे म्हणणे, गिझर बाहेर गेला हे ठीक आहे, पण मला आजारी, फसवी ठरवून चार महिने माहेरी ठेवले त्याचे काय? ते बोलणे अजून चालू आहे.

जिल्ह्याच्या रुग्णालयात आमची एक मैत्रीण परिचारिका आहे. तिला आम्ही विचारले आहे की बाथरूममध्ये पडून मेलेल्या बायांच्या रक्ताची कार्बन मोनॉक्साइडसाठी तपासणी होते का, आणि पंचनाम्यात गिझरचा उल्लेख असतो का. ती बघून सांगते म्हणाली आहे. काकांचा पितळी स्टोव्ह आम्ही केंद्रातच ठेवला आहे. पुढच्या शिबिराला त्याच्या शेजारी एक कुकर आणि एक गॅस गिझर सुटा करून मांडायचा विचार आहे. कोणाकडे जुना, वापरात नसलेला गिझर असेल तर कळवा.